दोनाचे पाच

ऑफिसात तिला सगळे काठी म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तीही बेधडक ओ देई. हे नाव पडायला दोन कारणं होती. एक म्हणजे तिची चाल. मागून कुणी हाक मारली तर चारचौघांसारखी नुसती मान वळवून ती बघायची नाही. पायांपासून डोक्यापर्यंत अख्खी वळायची, जड कपाट सरकवावं तशी. ज्यांना ठाऊक नव्हतं ते म्हणत, केवढा हा ताठा! दुसरं कारण म्हणजे तिच्या हातात खरोखरच एक काठी असे आणि काठीच्या टोकाला तिरपा बसवलेला छोटा आरसा.

ती वीज कंपनीत मीटर वाचायची. घरोघर जायचं, मीटरवरचा आकडा बघायचा, गळ्यातल्या यंत्रात भरायचा आणि पुढचं दार गाठायचं. ऐकायला सोपं आहे. पण मीटर ही वस्तू माणसाने वाचायची असते, हे ती बसवणाऱ्यांच्या गावीही नसावं. कुठे जिन्याखाली, कुठे चपलांच्या कपाटामागे, कुठे सायकलींच्या गर्दीत, आणि बहुतेक ठिकाणी गुडघ्याच्या उंचीवर. तिच्या बरोबरीचे लोक फटकन वाकत, वाचत आणि मोकळे होत. ही मात्र उभ्याउभ्या काठी पुढे करी, आरसा मीटरसमोर धरी आणि वरून त्यात बघे. कुणी विचारलंच तर सांगे, "वाकून कपडे मळतात हो. धुणार कोण, तुम्ही?"

खरं कारण असं होतं की तिची पाठ वाकत नव्हती. विशीतच सुरू झालं होतं ते. सकाळी जाग येई तेव्हा कंबर आणि पाठ लाकडाची झालेली. कुशीवर वळायचं तर पलंगाची कड धरायची, दातओठ खायचे आणि मनात आकाशपाताळ एक करायचं. उठून तासभर घरात येरझाऱ्या घातल्या की लाकूड जरा मऊ पडे, आणि दोनतीन गल्ल्या पायाखालून गेल्या की ती माणसात येई. सुट्टीचा दिवस सगळ्यात वाईट जायचा. लोक सुट्टीची वाट बघतात, ही सुट्टीला घाबरायची.

या दुखण्यावर जगाकडे एकच औषध होतं, ते म्हणजे आराम. आपल्या भाषेत हा शब्द मोठा लबाड आहे. पडून राहण्यालाही आराम म्हणतात आणि बरं वाटण्यालाही आरामच म्हणतात. त्यामुळे लोकांची अशी ठाम समजूत असते की एक केला की दुसरा आपोआप पडतो. आराम कर, म्हणजे आराम पडेल. गल्लीतले डॉक्टर हेच म्हणायचे, मावशी हेच म्हणायची, शेजारीण जिन्यात अडवून हेच म्हणायची. आई तर उठता बसता म्हणायची. तिचा अनुभव नेमका उलटा होता. जितकं पडावं तितकं आखडावं. पण हे कुणाला सांगायला जावं तर समोरचा असा बघायचा, की ही आता आपल्याला शहाणपण शिकवणार. मग तिने सांगणं सोडून दिलं.

आरशाची एक गंमत होती, ती इथेच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरून घडलं. मीटरसमोर आरसा तिरपा धरून वरून पाहिलं की आकडे डोकं खाली, पाय वर असे दिसतात. सहा, नऊ, चार, सात वेडेविद्रे होतात, म्हणून ते फसवत नाहीत. शून्य, एक, तीन, आठ जसेच्या तसे राहतात. खरी मेख दोन आणि पाचाची. मीटरवरच्या त्या काळ्या रेघांच्या इंग्रजी आकड्यांत दोन उलटा झाला की चक्क पाच होतो, आणि पाच उलटा झाला की दोन. तिला हे इतकं अंगवळणी पडलं होतं की आरशात पाच दिसला की बोट आपोआप दोनावर जायचं. लग्नाचा विषय निघाला की ती म्हणे, "लोकांचे दोनाचे चार होतात, माझे दोनाचे पाच झालेत. आधीच एक जास्त आहे, आणखी कशाला?" तेव्हा फोन लोकांच्या खिशात आले होते, पण त्यांना अजून डोळा फुटला नव्हता, नाहीतर आरशाची भानगडच उरली नसती.

आणि एका सकाळी तिचा उजवा डोळा लाल होऊन बसला. उजेड सुईसारखा टोचत होता. आई म्हणाली, "आज घरी पड, आराम कर." एवढ्यावरच ती चप्पल घालून बाहेर पडली. डोळ्यातून पाणी गळतंय, आरशात धुकं दिसतंय, तरी पठ्ठी जिने चढतेच आहे. तिच्या फेरीत एक म्हातारे घड्याळजी होते. दुकान बंद करून घरी बसले होते, एकटेच. त्यांचं मीटर जिन्याखाली, केरसुण्यांच्या मागे. तिने काठी घातली. आरशात एक, पाच, पाच, दोन दिसलं. तिने एक, पाच, पाच, दोन भरलं आणि ती पुढे गेली. खरा आकडा होता बाराशे पंचवीस.

पुढच्या आठवड्यात घड्याळजी ऑफिसात उगवले. काउंटरवर टकटक करून म्हणाले, "माझ्या घरात एक दिवा आहे, एक रेडिओ आहे आणि मी आहे. तुमच्या हिशोबाने मी घरात लोखंड वितळवतो. कुठे वितळवतो तेवढं दाखवा, मलाही बघायचंय."

ऑफिसातले सगळे खो-खो हसले. मोठे साहेब मात्र हसले नाहीत. साहेब म्हणजे तिच्या विभागाचे प्रमुख, नेमस्त माणूस, कुणाचं वाईट चिंतणार नाही आणि नियमाबाहेर पाऊलही टाकणार नाही. ते तिला घेऊन घड्याळजींच्या घरी गेले. जिन्याखाली उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, वाचा बघू पुन्हा. काठी ठेवा बाजूला. वाका आणि वाचा."

तिने काठी भिंतीला लावली. वाकायचा प्रयत्न केला. कंबरेतून जेमतेम वीतभर खाली गेली आणि अडकली. गुडघे मुडपून बसावं म्हटलं तर त्या अरुंद जागेत तेही जमेना. घड्याळजींनी घाईघाईने एक स्टूल आणून पुढे सरकवलं. ते स्टूल बघून तिच्या मस्तकात तिडीक गेली. ती सरळ झाली, अख्खी वळली आणि साहेबांना म्हणाली, "नाही वाकत. कधीच नव्हते वाकत. तुम्हाला आज कळलं. आता काय करायचं ते करा!"

साहेबांनी काय करावं? डोळा अजून लालच होता, म्हणून त्यांनी तिला आधी डोळ्यांच्या दवाखान्यात पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दिव्याच्या उजेडात डोळा निरखला, थेंब लिहून दिले आणि मग एक चमत्कारिक प्रश्न विचारला. "सकाळी उठल्यावर पाठ आखडते का हो तुमची?" डोळा दाखवायला गेलेल्या बाईला पाठीचं कोण विचारतं? ती खुर्चीच्या कडेला बसली होती ती ताडकन उभी राहिली. इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला पहिल्यांदाच कुणी विचारला होता. डॉक्टरीणबाईंनी तिला सांध्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे रक्त दिलं, कमरेचे एक्स-रे फोटो काढले, आणि पुन्हा बोलावलं तेव्हा त्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरून तिला नीट समजावलं. ते बोलायला संथ होते आणि त्यांना घाई नव्हती.

"शरीरातल्या पेशींना बाहेरून एक पातळ आवरण असतं," ते म्हणाले. "त्या आवरणात प्रथिनं रोवलेली असतात. त्यातल्या काहींचं काम असं, की पेशीच्या आत काय चाललंय त्याचा एक बारीक तुकडा बाहेर धरून दाखवायचा. पहारा करणाऱ्या पेशी अंगभर फिरत असतात. त्या येतात, तुकडा बघतात. नेहमीचा असला तर पुढे जातात. जंतूचा असला तर बोंब ठोकतात. मग तिथे रक्त धावतं, सूज येते, आग होते. त्याला दाह म्हणतात. एरवी तो आपल्या कामाचाच असतो."

"म्हणजे त्या दारोदार फिरून मीटर वाचतात," ती म्हणाली.

डॉक्टर हसले. "तसं म्हणा हवं तर. तुमच्या पेशींवर त्या प्रथिनाचा एक खास नमुना आहे, बी सत्तावीस म्हणतात त्याला. आईकडून किंवा वडिलांकडून आला असणार. पुष्कळ लोकांकडे असतो आणि जन्मभर काही होत नाही. पण काहींच्यात घोटाळा होतो. नेमका कसा, यावर आमच्यात अजून भांडणं आहेत. कुणी म्हणतं, दाखवलेला तुकडा आपलाच असतो पण पहारेकऱ्यांना परका वाटतो. कुणी म्हणतं, ते प्रथिन घडतानाच नीट दुमडलं जात नाही. काहीही असो, जंतू नसतो आणि तरी आग लागते. कमरेच्या सांध्यात, मणक्यात, कधी डोळ्यात."

"दोनाचे पाच," ती पुटपुटली.

"काय म्हणालात?"

"चुकीचं वाचतात, म्हटलं. मग ही बोंब पसरते कशी?"

"निरोप नेणारी प्रथिनं सुटतात. इतर पेशींच्या आवरणावर त्यांच्यासाठी कड्या असतात, दाराला असतात तशा. कडी वाजली की ती पेशीही पेटते. पण आग आवरायची सोयही तिथेच आहे. पेशी आपल्या काही कड्या तोडून बाहेर सोडतात. निरोपे त्या सुट्या कड्यांनाच लटकून राहतात, दारापर्यंत पोचतच नाहीत. तुमच्यात ही आवराआवर कमी पडते. आधी गोळ्यांनी बघू. नाही भागलं तर इंजेक्शन आहे. त्यात अशाच नकली कड्या असतात."

"आणि आराम?" तिने मुद्दाम विचारलं.

"आराम?" डॉक्टरांनी फोटो खाली ठेवला. "आराम या दुखण्याला फार आवडतो. पडून राहाल तितकं आखडेल. चाला, हला, पाठ ताणा. एका जागी बसून राहू नका. उशी अगदी पातळ घ्या. उंच उशांवर वर्षानुवर्षं पडलं की मान आणि पाठ त्याच आकारात आखडून बसते."

बाहेर आल्यावर ती फुटपाथवर उभी राहिली आणि रडली. दुखणं कळलं म्हणून नाही रडली. उशांसाठी रडली.

तिचे बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. शिडीवर चढून हातभर उंचीची अक्षरं काढायचे, आणि त्यांचा हात सुतासारखा सरळ चालायचा. मग त्यांची पाठ धरली. डॉक्टर म्हणाले आराम करा. आईने आराम दिला. असा दिला, की बघणाऱ्याने नाव घ्यावं. तीन उशांचा ढीग, पायाखाली लोड, चहा हातात, पेपर हातात. बाबा अंथरुणाला टेकले ते टेकलेच, आणि उशांच्या ढिगावर त्यांची मान हळूहळू पुढे आली, पाठीला बाक आला. शेवटी शेवटी त्यांना स्वतःच्या पायांपलीकडचं दिसायचं नाही. घरी कोण आलं ते चपलांवरून ओळखायचे. लोक म्हणायचे, हिंमत हरला बिचारा, संसाराच्या ओझ्याने कणा मोडला. मावशी तर तिच्या तोंडावर म्हणाली होती, "तुझ्या बापाने हातपाय गाळले गं." बाबा गेले ते हेच ऐकत गेले. आणि ते ऐकून ही लहानपणीच एक गोष्ट ठरवून बसली होती, की मी नाही वाकणार. आपल्या अंगात तेच दुखणं आहे हे तिला ठाऊक नव्हतं, पण त्याच्याशी उभा दावा तिने तेव्हाच मांडला होता.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिला आत बोलावलं. चहा मागवला. चहा मागवला म्हणजे काहीतरी वाईट सांगायचंय, हे ऑफिसात सगळ्यांना पाठ होतं.

"बाई, तुमची तब्येत कळली. वाईट वाटलं. मी वरपर्यंत बोललोय. तुम्हाला काउंटरवर घेतलंय. सावली, पंखा, बसायचं काम. एकदम आरामाची जागा."

"साहेब, मला चालायला सांगितलंय. बसले तर मी आखडून जाईन."

"मग संध्याकाळी चाला की! कामाच्या वेळी कशाला? अहो, त्या खुर्चीसाठी लोक वशिले लावतात. तुम्ही पहिल्याच, ज्यांना ती नको आहे."

"डॉक्टरांनी..."

"डॉक्टरांचं डॉक्टरांपाशी. मीटर आरशातून वाचणं मला चालायचं नाही. एकदा चूक झाली आहे. उद्या शंभर घरात होईल. डोळ्याने सरळ वाचता येत असेल तर बोला."

साहेबांचं चुकत होतं असं नाही, आणि तिला सगळ्यात जास्त राग त्याचाच आला. दुष्ट माणसाशी भांडता येतं. तुमचं भलं करायला निघालेल्या माणसाशी कसं भांडायचं? सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या खुर्चीत बसायचं, आणि बाबांसारखं थोडं थोडं करून गोठायचं, तेही पगारी. तिने चहा तसाच ठेवला आणि म्हणाली, "ठीक आहे. काउंटर घेते. खुर्ची घेणार नाही."

आणि खरंच घेतली नाही. पहिल्या दिवशी तिने खुर्ची उचलून बाहेर बाकाशेजारी नेऊन ठेवली आणि दिवसभर उभी राहिली. थोड्या थोड्या वेळाने पाय आपटायची, हात वर ताणायची, कपाटापर्यंत चकरा मारायची. आता काउंटरची खिडकी बसलेल्या माणसाच्या बेताने केलेली. उभ्या बाईचं त्यातून दिसणार काय, तर पोट. लोकांना तिच्या पोटाशी बोलावं लागे. मग ते खाली वाकत, मान तिरकी करून वर बघत आणि आपलं गाऱ्हाणं सांगत. जन्मात पहिल्यांदा ती सोडून बाकी सगळे वाकत होते. तिने कुणाचीही गय केली नाही. साहेब रोज येता जाता ती बाहेर काढलेली खुर्ची बघत आणि आत जात.

पण उभं राहणं म्हणजे चालणं नव्हे. एका जागी उभं राहून तिची कंबर संध्याकाळपर्यंत पेटायची. गोळ्यांनी थोडं हलकं वाटत होतं, तरी सकाळचं लाकूड पुन्हा कडक व्हायला लागलं. हे फार दिवस रेटता येणार नाही, हे तिला कळत होतं.

घरी उशांचा विषय निघायचाच होता. आई अंथरूण घालताना म्हणाली, "तुझी उशी कुठे गेली गं? नुसत्या टॉवेलवर कशी झोपतेस? मान अवघडेल. थांब, मी दोन चांगल्या देते."

"नको म्हणते ना!"

"अगं, पण का? बाबांना तुझ्या किती बरं वाटायचं उशांवर."

तिने टॉवेलची घडी पुन्हा घातली. आई म्हातारी होती, पण खुळी नव्हती. लेकीच्या चेहऱ्याकडे बघत राहिली आणि मग हळूच खाली बसली. "काय म्हणाले डॉक्टर? खरं सांग मला."

काठीला खोटं बोलता आलं असतं. कपडे मळतात म्हणून अख्ख्या गावाला तिने बनवलं होतं. पण आईपुढे जमेना. तिने सगळं सांगितलं. पेशींवरचं प्रथिन, चुकीचं वाचणारे पहारेकरी, विनाकारण लागणारी आग. बाबा हातपाय गाळून बसलेले नव्हते, त्यांच्या हाडांत आग होती, हेही सांगितलं. आणि शेवटी आराम आणि उशा.

आईने अंथरुणावरची चादर हाताने सारखी केली. मग म्हणाली, "मी रोज झटकून लावत होते गं त्या उशा. एकही दिवस चुकवला नाही."

"तुला जे सांगितलं ते तू केलंस. तुझा काय दोष? ज्यांनी सांगितलं त्यांनाही ठाऊक नव्हतं." आईचा हात तिने घट्ट धरला. "पण आता मी सांगते ते कर. रोज सकाळी मला उठव. मी ओरडले, रडले, शिव्या दिल्या तरी उठव. एवढं कर माझ्यासाठी."

आईने मान हलवली, पण ती हो म्हणून हलवली की नुसतीच, ते कळलं नाही.

मग एक दिवस काउंटरच्या खिडकीत घड्याळजींचा चेहरा आला, तिरका होऊन. "अहो, तुम्ही इथे? तुम्हाला इथे कुणी कोंडलं?"

"तुम्हीच की! तुमचं लोखंड वितळलं आणि माझी फेरी गेली."

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. "मी आकड्याची तक्रार केली होती. तुमची नव्हती केली." त्यांनी तिला खोदून खोदून विचारलं. आरसा कसा धरता, काय उलटं दिसतं, साहेब नेमकं काय म्हणाले. मग आले तसे निघून गेले. ज्या कामासाठी आले होते तेही विसरून गेले.

परत आले तेव्हा त्यांच्या काखेत पत्र्याची एक लांब चौकोनी नळी होती. खालच्या टोकाला एक खिडकी, वरच्या टोकाला एक खिडकी, आणि आत दोन आरसे, एकमेकांकडे तोंड करून तिरपे बसवलेले. "एक आरसा उलटं दाखवतो," ते म्हणाले. "दुसरा त्या उलट्याला पुन्हा उलटं करतो. म्हणजे सुलटं. दोनाचे दोन, पाचाचे पाच. मान वाकवायची नाही, सरळ समोर बघायचं. चला तुमच्या साहेबांकडे."

ऑफिसचं मीटर जिन्याखालीच होतं. साहेब गुडघ्यावर बसले, वाकले आणि आकडा कागदावर लिहून कागद मुठीत दाबला. काठी उभ्याने नळीत बघून खणखणीत आवाजात बोलली, "दोन, पाच, दोन, शून्य, पाच." साहेबांनी मूठ उघडली. तेच होतं. त्यांनी शेजारचं मीटर वाचलं, मग त्याच्या पलीकडचं. सगळी बरोबर निघाली. तिसऱ्या वेळी उठताना साहेबांनी कंबर धरली आणि भिंतीचा आधार घेतला.

"साहेब, खुर्ची आणू का?" तिने विचारलं. "बाहेर रिकामीच आहे. जरा आराम करा."

साहेबांना हसू आवरलं नाही. पण साहेबच ते, लगेच सावरले. "महिनाभर बघतो. फेरी पूर्ण झाली पाहिजे आणि एकही आकडा चुकता कामा नये. एक चुकला किंवा एक दिवस बुडाला, की खुर्ची. मग मी ऐकणार नाही."

"मान्य," ती म्हणाली.

पहिल्या फेरीच्या सकाळी तिला जाग आली आणि ती हलू शकली नाही. काउंटरवर उभं राहण्याचे ते सगळे दिवस पाठीत साचून आले होते. बोटं हलत होती, पाय हलत होते, पण मधलं सगळं शिवून टाकल्यासारखं. तिने पलंगाची कड धरली, ओढ घेतली आणि कळ अशी आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. नळी दाराशी टेकवून ठेवलेली दिसत होती. तिच्या मनात पहिल्यांदाच आलं, की नसेल जमत. नसेल जमत तर खुर्ची काय वाईट आहे?

"आई," ती म्हणाली, "आजच्या दिवस राहू दे गं. पडते जरा."

आई पलंगापाशी येऊन उभी राहिली. पडते म्हटल्यावर आजवर तिने कुणाला नको म्हटलं नव्हतं. पांघरूण नीट करायचं, उशी सारखी करायची आणि दार ओढून घ्यायचं, एवढंच तिला येत होतं. तिचा हात सवयीने पांघरुणाकडे गेला. तिने ते धरलं आणि एका हिसड्यात ओढून खाली टाकलं.

"ऊठ!"

"आई, दुखतंय गं फार."

"दुखू दे. ह्यांनाही दुखत होतं." आईने तिच्या पाठीखाली दोन्ही हात घातले. म्हातारीचे डोळे वाहत होते, पण आवाज चढलेला होता. "रोज सकाळी म्हणायचे, मला जरा उठव गं, दोन पावलं टाकतो. आणि मी म्हणायचे, पडा मुकाट्याने. रोज म्हणायचे ते. ऊठ, कार्टे. ऊठ म्हणते ना!"

ती उठली. कशी उठली ते तिलाही सांगता आलं नसतं. आईला धरून उठली, आईच्या नावाने ओरडत उठली, भिंत धरून खोलीत फेऱ्या मारल्या, पुन्हा मारल्या, आणि लाकूड कुठेतरी जरासं सैल झालं. आईने यंत्र तिच्या गळ्यात अडकवलं आणि नळी हातात दिली. एकेक पायरी मोजल्यासारखी उतरत ती रस्त्यावर आली.

वरच्या खिडकीतून आईने हाक मारली. सवयीने ती थांबली आणि पायांपासून वळायला लागली, कपाट सरकवावं तशी.

"वळू नकोस!" आई वरून सबंध गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली. "चाल!"

ती चालायला लागली.